ऐकणारा येगळा, बोलणारा येगळा

एक तळवा कानावर, दुसरा तोंडावर धरून अण्णा म्हणायचे, "ऐकणारा येगळा, बोलणारा येगळा." तोंडावरच्या हातामुळे निम्मं ऐकूच यायचं नाही. हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा त्यांतला शिरोमणी.

गुलबर्ग्यात आमचं तीन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. गावोगावच्या अडत्यांना तुरीचे भाव पाठवायचे आणि त्यांच्याकडून आलेल्या मालाची खबर घ्यायची, असा सर्व्हर अण्णा लिहीत. मी त्यांच्या हाताखाली. प्रत्येक गावाच्या लाइनीवर त्यांनी दोन थ्रेड ठेवले. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधले गडीच म्हणा: एक फक्त घेणारा, एक फक्त पाठवणारा.

हे शहाणपण कॉलेजातलं नव्हतं. "बाप मेंढरांच्या पुढं हाका देत चालायचा," ते सांगत. "आय मागं, कान लावून. हाका देणाऱ्याला मागं राहिलेलं कोकरू ऐकू येत न्हाई गड्या."

एकदा चूक त्यांचीच झाली. घाईत घेणाऱ्या थ्रेडलाच उत्तर द्यायची मुभा दिली. दोघं एकाच लाइनीवर एकदम बोलले आणि ठाणाकुशनूर गावाला गेलेल्या भावाच्या आकड्यांत भलतंच काही घुसलं. अण्णा सगळ्यांदेखत उभे राहिले. "चूक माझी हाय. ऐकणाऱ्याला बोलू दिलं." तासाभरात दुरुस्तही केलं. यापुढे घेणाऱ्यानं उत्तर चिठ्ठीसारखं पाठवणाऱ्याच्या रांगेत टाकायचं, स्वतः तोंड उघडायचं नाही.

मालकांनी मात्र तेवढंच धरलं. "एवढे गडी कशाला? सगळ्या गावांचं एकच थ्रेड बघू दे. कामून हट्ट करायलास?"

"नौकरी घ्या. पर हे दोघं एक करणार न्हाई."

मालकांनी नोकरी घेतली. अण्णा पुण्याला निघून गेले. मग त्या दोघांना एक कोणी केलं? मी. त्याची मला अजून लाज वाटते.

आठवडाभरात संतपूरची फोनलाइन रडू लागली. आमचा एकुलता थ्रेड तिथं भाव पाठवत खोळंबला. बाकीची गावं खबर पाठवत राहिली, घ्यायला कोणी नाही. ठाणाकुशनूरचा अडत्या फोनवर ओरडला, "तुमचा अण्णा कुठं गेलाय?"

कुणालाही न विचारता मी अण्णांचा जुना प्रोग्राम परत चढवला. संतपूर तेवढं अडून राहिलं. बाकी सगळी गावं सुरू झाली.

मालक दारात आले. "कुणाला इचारून केलास हे?"

मी अण्णांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो होतो. उठलो नाही. एक तळवा कानावर ठेवला, दुसरा तोंडावर. मग मालकांना नीट ऐकू यावं म्हणून तोंडावरचा तेवढा काढला.