जे बैलांना, तेच खुशालरावांना

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, नुसतं नाव काढलं, तरी खुशालरावांच्या अंगात वारं शिरायचं. अंजनगाव सुर्जीजवळ त्यांचं काळ्या मातीचं शेत, आणि शेताहून मोठा त्यांचा शौक: तुफान आणि मोत्या ही पळणाऱ्या बैलांची जोडी. पटात छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. पन्नाशी उलटली तरी खुशालरावांसारखा धुरकरी पंचक्रोशीत नव्हता.

बैलांची बडदास्त तर अशी, की जावयानं हेवा करावा! पहाटे ओढ्यापर्यंत फेरी (खुशालराव स्वतः मागून मोटरसायकलवर), ठरल्या वेळी कडबा, बेताची सरकीची ढेप, अंधार पडला की कोठ्यात सामसूम. बैलांच्या कोठ्यात आवाज चढवायचा नाही, हा तर त्यांचा कायदाच. बैल बावरला की आतून खंगतो, असं ते सगळ्यांना सांगत. पळून आलेल्या जोडीला लगेच पाणीही पाजत नसत. छातीवर हात ठेवून उभे राहायचे आणि आतली धडधड निवली की मगच बादली पुढे करायचे.

आणि स्वतःची बडदास्त? काही विचारू नका! डोळे उघडले की खर्रा. तंबाखू-सुपारीचा तो तोबरा दिवसभर गालात. जेवायला वेळ नाही, चहाला मात्र केव्हाही, आणि तोही पाकासारखा गोड. झोपायच्या वेळी मोबाइलवर कापसाचे भाव. वर शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारच्या श्रावणशी जुंपलेली. फोनवर असे गरजायचे, की मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. माणूस लोखंडाचा असता तरी गंजला असता.

दिवाळीला लेक आरती अमरावतीहून आली. ती तिथं नर्स आहे. तिनं सहज म्हणून बापाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि तिचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी अंजनगावचे डॉक्टर. रोजची गोळी लागली, आणि वर फर्मान: असा रक्तदाब घेऊन छकड्यावर बसायचं नाही, भर वेगात भोवळ आली तर चाकाखाली जाल. माघातल्या पटाआधी दाखवायला या, रक्तदाब उतरला असेल तर बघू.

खुशालरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. जोडी आपली आणि हाकणार दुसराच? घरी आल्या आल्या त्यांचा हात खर्ऱ्याच्या पुडीकडे गेला. बायकोनं, कौशल्याबाईंनी, ती पुडी हिसकली, तरातरा कोठ्यात गेल्या आणि तुफानच्या तोंडापुढे धरली.

"घालू याले?"

"पागल झाली का वं? जीव घेतं का त्याचा!"

"मंग तुमी काहून खाता? आजपासून जे बैलाईले, तेच तुमाले. जे त्याईले नाई, ते तुमालेबी नाई."

"मी का बैल हाय?"

"बैल असते तं बरं झालं असतं. बैलाची काळजी करनारा हाय ना घरात!"

आरती हसता हसता डोळे पुसू लागली.

झालं! दुसऱ्या पहाटे मोटरसायकलची किल्ली कौशल्याबाईंच्या पदरात आणि खुशालराव जोडीमागे पायी. सुरुवातीला ओढा गाठेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस यायचा, बैल मागं वळून पाहायचे. खर्ऱ्यावाचून डोकं भणभणायचं, चिडचिड व्हायची. मग कौशल्याबाई भाजलेला जवस हातावर ठेवायच्या. भाकरी वेळेवर, चहा बिनसाखरेचा, अंधार पडला की मोबाइल पिठाच्या डब्यावर उपडा.

खरी बहार आली ती श्रावणच्या फोनची. कौशल्याबाईंचं म्हणणं एकच: भांडायचं तर खुशाल भांडा, पण कोठ्यात बसून! आता तिथं आवाज कसा चढवणार? कायदा स्वतःचाच! खुशालराव दात आवळून पुटपुटले, "माया धुरा तू कोरून राहिला."

पलीकडे श्रावण चपापला. "खुशालभाऊ, तब्येत तं बरी हाय ना? आवाज काहून असा?"

"कोठ्यात हाव. बैल बसले हायेत."

"असं का," म्हणत श्रावणही हळू बोलू लागला. बायका माजघरात कुजबुजतात तसे दोघं कुजबुजत भांडले, आणि कुजबुजून किती भांडणार? शेवटी दोघांनी मिळून धुऱ्यावर दगड रोवायचं ठरलं. त्या रात्री खुशालराव आडवे झाले ते थेट कोंबड्यालाच उठले.

माघ लागला. डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि मान हलवली. "गोळी चालू ठेवा, सवयी मोडू नका. बसा छकड्यावर!" खुशालरावांना तर तिथंच नाचावंसं वाटलं.

पटाच्या दिवशी काय ती गर्दी! ट्रॅक्टरवर माणसं, झाडांवर माणसं, भोंग्याचा कल्लोळ. शेजारच्या दाणीत, म्हणजे धावपट्टीत, अकोल्याकडची दांडगी जोडी. झेंडी पडली आणि तुफान-मोत्या सुटले! धुळीचा लोट, चाकांचा खडखडाट, आणि वरून खुशालरावांची आरोळी. गेल्या साली अर्ध्यातच धाप लागली होती, आवाज तुटला होता आणि जोडी ढिली पडली होती. आज अर्धं गेलं, पाऊण गेलं, तरी आरोळी तशीच खणखणीत! हातात चाबूक नाही, काही नाही, बैल त्या आवाजावरच पळत होते. अकोल्याची जोडी मानेएवढ्या अंतरानं मागं पडली. भोंगा नाव पुकारू लागला तशी गावानं टोप्या उडवल्या.

खुशालराव उतरले ते आधी बैलांकडे. तुफानच्या छातीवर हात, मोत्याच्या छातीवर हात. श्वास निवला, बादली आली, जोडी प्यायली. मग ते वळले. घसा धुळीनं कोरडा ठाक पडला होता.

"कौशल्या, पानी दे वं."

आजवर कधी पटात न आलेल्या कौशल्याबाई तांब्या घेऊन पुढे आल्या. सारं गाव बघत होतं. त्यांनी तांब्या काही दिला नाही. डाव्या हातात तो तसाच धरून उजवा हात नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बैलाईले देता का लगेच?"

खुशालराव हसले आणि हलले नाहीत. भोंगा ओरडत होता, पोरं गुलाल उधळत होती, आणि त्या हाताखाली धडधड हळूहळू निवत गेली. मग कौशल्याबाईंनी तांब्या पुढे केला.