धुऊन मऊ केलेलं जाकीट

बँकेसमोर आमची रोकड गाडी थांबली की अण्णा आधी उतरायचे, छातीवर दोनदा थाप मारायचे आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हाण म्हणावं गोळी!" निपाणीच्या बाजारात त्या वेळी फार तर एखादी म्हैस आडवी आलेली असायची. तीही बाजूला व्हायची.

अण्णा मूळचे गुंजीचे, फौजेतून निवृत्त झालेले. बेळगाव-निपाणी पट्ट्यात बँकांची रोकड पोचवणाऱ्या आमच्या कंपनीत ते बंदूकधारी रक्षक आणि मी पेटी उचलणारा. ऑफिसात 'सुरक्षेत तडजोड नाही' असा भलामोठा फलक होता. गोळीरोधक जाकीट मात्र दर गाडीला एकच. गोळी आलीच तर तिने कोणाकडे जायचं, हे कंपनीने असं आधीच ठरवून दिलं होतं.

म्हणून अण्णांचा रोजचा हुकूम असायचा, "माझ्या मागनं चल रं. फुडं यायचं न्हाय." पेटी सांभाळत मी त्यांच्या पाठीआड बँकेच्या दारापर्यंत जायचो.

फौजी माणसाची स्वच्छता तुम्हीही पाहिली असेल. आठवडाभर त्या जाकिटात घाम मुरायचा, डिझेल लागायचं, तंबाखूच्या वखारींची धूळ बसायची. रविवारी अण्णा ते ब्लीचिंग पावडरीत भिजवून दगडावर आपटत, माळवदावर कडक उन्हात वाळवत, वर इस्त्री करून चौघडी घालून ठेवत. खंडेनवमीला तर थाटच. बंदुकीशेजारी जाकीट मांडून त्याला खोबरेल तेलाचं बोट, हळदकुंकू आणि लिंबू. सोमवारी अंगात घालून म्हणायचे, "नवं हुतं तवा लई टोचत हुतं. धुऊन धुऊन मऊ केलंय बघ."

आम्ही सगळे ते कौतुकाने चाचपून बघायचो. साहेबांनी तर टापटिपीबद्दल त्यांचा सत्कार केला, नारळ आणि शाल देऊन.

मग एकदा प्रशिक्षण द्यायला पोलिसांतले एक निवृत्त अधिकारी आले. त्यांनी जाकिटाचं कव्हर उघडलं, आत बोटं फिरवली आणि समजावून सांगितलं. गोळी अडवते ती आत सीलबंद असलेली, खास धाग्याच्या थरांची गादी. धुवायचं ते फक्त कव्हर. गादी भिजवायची नाही, उन्हात टाकायची नाही, तेल लावायचं नाही, दुमडायची नाही. अण्णांच्या गादीचं सील कधीच फाटलं होतं आणि धागे पिवळे पडून पिंजले होते.

"अण्णा, ही वाकळ झालीय," ते म्हणाले. "थंडीत पांघरा. गोळी अडेल याचा भरवसा धरू नका."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिरा. साहेबांनी नवं जाकीट तातडीने मागवतो म्हणून सांगितलं. आमच्या कंपनीत तातडीला बरेच महिने लागतात.

दुसऱ्या दिवशी निपाणीत गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, आज तुम्ही गाडीतच बसा. मी पळत जाऊन येतो."

"आनि मी काय मंग बसून बघू व्हय?" त्यांनी तीच वाकळ चढवली, पट्टे घट्ट आवळले. "आत काय न्हाय ते तुला म्हाईत, मला म्हाईत. चोराला कुठं म्हाईत हाय? चल, मागनं चल."

त्या दिवशी त्यांनी छातीवर थाप मारली नाही. पुढेही कधी मारली नाही. गोळीला आमंत्रणही दिलं नाही. फक्त पूर्वीपेक्षा थोडे रुंद होऊन चालायला लागले. त्यांच्या पाठीआड चालताना मला त्यांचा राग यायचा, आणि बँकेचं दार येईपर्यंत रडू यायचं.

अण्णा नोकरीतून सुटून गुंजीला गेले आणि त्याच आठवड्यात नवं जाकीट आलं. जुनं मात्र कंपनीने त्यांच्याकडून नीट तपासून परत घेतलं होतं, कुठे खराब तर केलं नाही ना म्हणून.

नवं जाकीट आता नव्या रक्षकाच्या अंगात असतं. त्याने गाडीतच बसून गाडी सांभाळायची, असा नियम झालाय. पेटी घेऊन मी एकटाच उतरतो. आणि बँकेच्या दारापर्यंत अजूनही पुढे एका माणसाची जागा सोडून चालतो.