अंगणातली वाळवंटाची राजधानी

लढाईच्या दिवसांत दादा पलटणीतून दिवाळीच्या तोंडावर रजेवर वेल्ह्याला आला. बसऱ्यापलीकडच्या वाळवंटात त्यानं एक जुनी राजधानी पाहिली होती. तट, राजवाडा, सगळं उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचं आणि मधोमध पाणी नि खजुराची झाडं.

काकी हसली. "मातीचा राजवाडा? हितं आषाढात एका रात्रीत वाहून जाईल!"

"काकी, तितं आषाढच न्हाई."

कुणालाच पटेना. मला पटलं. माझी चौथी त्याच उन्हाळ्यात झाली होती. दिवाळीत गल्लीतली पोरं राजगड करू लागली, तेव्हा मी चिखलात भुसा कालवून इवल्या विटा थापल्या आणि ती राजधानी उभारली. दादानं ती ओळखावी, एवढंच मनात होतं.

तो येऊन उकिडवा बसला. मी तुळशीआड उभी होते.

"झाडं तटाबाहेर कशी गं?"

दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसा मी आतबाहेर चौफेर अळीव पेरला होता. माझं तोंड उतरलं. दादानं बाहेरचा अळीव उपटून तिथं नदीची वाळू पसरली आणि वेशीवर बोट ठेवून तो ओरडला, "ह्याच दारातनं म्या आत गेलो! काकी, बघायला या!"

काकी पदर सावरत धावत आली, आणि मीही तुळशीआडून पुढं झाले.