रेशमाच्या अळ्या आणि तुपाचा चमचा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या जिन्यात बसून टाइप करतेय, चुका झाल्या तर सोडून द्या.

माझा एमएससीचा प्रोजेक्ट रेशमाच्या अळ्यांवर आहे. अळीच्या अंगात एक एन्झाइम असतं, ते खाल्लेल्या पानांची चरबी करून साठवतं. काही अळ्यांना पानांवर औषध लावून देऊन मी ते बंद पाडलं होतं. मग काय, साध्या पानांवरच्या अळ्या बोटाएवढ्या जाड आणि औषधवाल्या एकदम काडी! कॉलेजला गणपतीची सुट्टी, लॅबला कुलूप, म्हणून दोन्ही ट्रे घरी आणले. तुतीच्या पानांच्या दोन पिशव्या फ्रिजमध्ये, वर चिठ्ठ्या लावून.

घरात बाबाही असेच काडी झालेत. दोन महिन्यांत सगळ्या पँटी सैल. रिपोर्ट यायचेत. आई रोज त्यांच्या भातावर तुपाचा एक चमचा जास्तीचा सोडते.

परवा मी दादरहून आले तर बघते, एकच ट्रे! बारीक-जाड सगळ्या एकत्र, दोन्ही पिशव्यांतली पानंही एकत्र. आई खुशीत होती. ती माझ्याशी मालवणीतच बोलते.

"एकट्यान जेवक कंटाळतत गो ती. चार पोरांत बसयलंय त्यांका. आता बघ कशी खातत."

मी सुटलेच. "अगं आई, महिन्याभराचं काम गेलं माझं! मुद्दाम बारीक ठेवलेल्या त्या! कितीही घाल खायला, अंगाला लागणारच नाही त्यांच्या. चरबीच नाही तर कोष विणायची ताकद कुठून येणार? मरणारच आहेत त्या!"

बाबा कॉटवर पडून ऐकत होते. म्हणाले, "बरं आहे, माझ्यावर कोणी प्रोजेक्ट करत नाही ते."

आईने एवढंच विचारलं, "कितीय घातला तरी?"

"हो, कितीही."

आज दुपारी जेवायला वाढताना तिने तुपाचा चमचा भरला, बाबांच्या ताटापर्यंत नेला आणि परत बरणीत उलटा केला. बाबांनी ताट तसंच पुढे धरलेलं.

काडीसारख्या तीन अळ्या सकाळीच मेल्या होत्या, ट्रेच्या कोपऱ्यात दोन-चार धागे सोडून. प्रोजेक्ट काय, परत करता येईल. मला आईला सांगायचं होतं की अगं, अळ्यांचं ते एन्झाइम मी औषधाने बंद केलं होतं, बाबांचं तसं नाहीये. पण नाहीये हे मला तरी कुठे माहितीये? रिपोर्ट आलेच नाहीत अजून. म्हणून इथे जिन्यात येऊन बसलेय.

वरून आई भांडी घासतेय ते ऐकू येतंय. तुमचं झालंय का हो असं कधी? रागात खरं तेच बोललात, पण ऐकणाऱ्याने ते भलत्याच माणसाबद्दल धरलं? मग परत घरात कसे गेलात?