कापूस, पेंढा आणि पोपटी

चहा घ्या आधी, आणि हसायचं नाही असं कबूल करा. कारण या प्रकरणाचा मला अजून राग आहे, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे कळत नसल्यामुळे जरा जास्तच आहे.

माझी भाची सई ठाण्यात, कोपरीला राहते. तिचा एक ससा आहे. पांढराशुभ्र, म्हणून नाव कापूस. गेल्या थंडीत त्यांच्या बिल्डिंगचं रंगकाम निघालं, गॅलरीला परांची लागली आणि ताईचा फोन आला. "तुझं तळमजल्याचं घर, मागे मोकळी जागा. रंग होईपर्यंत ठेव रे त्याला." ताईला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तेव्हा ससा डोंबिवलीला, कोपरला आमच्याकडे आला.

आला तो सूचनांसकट आला. सई सातवीत आहे, पण फोनवर हेडमास्तरीण होते. "मामा, त्याचं खोकं जमिनीला टेकवू नको, ओल चढते. तोंड वाऱ्याच्या बाजूला नको. आत पेंढा भरपूर घाल. रात्री पुढे गोणपाट सोड, पण हवा खेळली पाहिजे. आणि रोज त्याला मोकळं पळू दे, नाहीतर तो सुस्तावतो."

आता मला सांगा, मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, त्याची या घरात कोणी चौकशी करतं का? मामाचे गुडघे गेले उडत. सशाचा व्यायाम झाला का, याची मात्र रोज संध्याकाळी फोनवर हजेरी.

तरी केलं सगळं. फळवाल्याकडून लाकडी खोकं आणलं, खाली विटा लावल्या, पुढे गोणपाट टांगलं. डोंबिवलीची थंडी ती केवढी? आमची बायको पंखा लावून झोपते. पण मी कानटोपी घालणारा माणूस. मला वाजते म्हणजे सशाला वाजणारच. मी खोक्यात पेंढा असा ठासला की बिचाऱ्याला आत शिरायला बीळ पाडावं लागलं.

प्रश्न राहिला पळण्याचा. आमच्या मागे कुंपण नाही आणि गल्लीत कुत्री. तिथे मदतीला आले आमचे शेजारी, बाळारामदादा पाटील. दादा इथले मूळचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची भातशेती होती. त्यांच्या घरामागे चारी बाजूंनी भिंत घातलेलं अंगण आहे. पेंढाही त्यांनीच दिलेला. म्हणाले, "परबसाहेब, सशाला कशाला कोंडून ठेवताव? आमचे अंगनान सोडा. धावंल, खेलंल." तेव्हापासून कापूस सकाळी दादांकडे जायचा आणि ऊन उतरलं की मी त्याला घेऊन यायचो.

त्या शनिवारी मी त्याला असाच सोडला आणि टेंभी नाक्याला एका मित्राकडे गेलेलो. रविवारी सई सशाला भेटायला येणार होती. परत आलो तेव्हा संध्याकाळ झालेली. म्हटलं, दादांनी आणून ठेवला असेल. गोणपाट उचललं, तर आत नुसता पेंढा. हाक मारली. ससा ओ देत नाही हे मला माहीत आहे, तरी मारली.

मग भिंतीवरून दादांच्या अंगणात डोकावलो. एका बाजूला पेंढ्याचा ढीग. शेजारी भलंमोठं मडकं. वहिनी भांबुर्ड्याचा पाला निवडत बसलेल्या. पाटावर सुरी. आणि धुण्याच्या दगडावर पांढऱ्या केसांचे पुंजके.

पोपटी हो! थंडी पडली की इकडे पोपटी लावतात. मडक्यात पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंडात पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि वर पेंढा रचून पेटवायचा. दादांच्या पोपटीची मी वर्षभर वाट बघतो. पण कोंबडीच्या जागी आमचा कापूस?

घरात येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, जाऊन विचारा तरी."

"काय विचारू? आमचा ससा शिजला का, असं?"

"ती माणसं तशी नाहीत."

"दगडावर केस पडलेत, केस. मी डोळ्यांनी बघितलेत."

आणि तिला पुढे बोलू न देता मी ताईला फोन लावला. हळूहळू सांगायचं ठरवलेलं. पण फोन सईने उचलला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळा, उद्या येऊ नकोस. आपला कापूस गेला." पलीकडून जो हंबरडा आला तो ऐकून मीही रडायला लागलो. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

डोळे पुसून मी तडक दादांकडे निघालो. तोवर पेंढा जळून राख झालेली, घरातली माणसं भोवती बसलेली. आणि तो वास. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याचा मला इतका संताप आला की तो सगळा मी बाळारामदादांवर काढला.

"दादा, इतक्या वर्षांचा शेजार आपला. लहान पोरीचा जीव होता हो तो. बाजारात कोंबडी मिळत नव्हती का तुम्हाला?"

दादा हातातली काठी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. "मिलाली ना. सकालीच आनली."

"खोटं बोलू नका."

त्यांनी मडकं परातीत उपडं केलं. मी आयुष्यभर कोंबडी खाल्लेला मालवणी माणूस, पण त्या दिवशी तंगडी उचलून उजेडात फिरवून बघितली. कोंबडीच होती.

"मग ते केस कसले?"

वहिनी म्हणाल्या, "त्याचे केस झरतान, म्हनून मी फनी केली. बरा वाटला त्याला. मांडीवर झोपला."

"मग आहे कुठे तो?"

"धूर व्हनार, घाबरंल, म्हनून दुपारीच तुमचे खोक्यान नेऊन ठेवला," दादा म्हणाले.

"खोकं रिकामं आहे."

"पेंढ्यान हात घातलाव का?"

नव्हता घातला. इतक्यात भिंतीपलीकडून बायकोचं डोकं वर आलं. तिच्या कडेवर कापूस. कानांवर पेंढ्याच्या काड्या, डोळे अर्धे मिटलेले, झोपमोड झाल्यामुळे चिडलेला. मी ठासलेल्या पेंढ्याच्या तळाशी साहेब गाढ झोपले होते. तुम्हीच सांगा, राग येणार नाही? निदान एक कान तरी बाहेर ठेवायचा.

पुढे ताई आणि सई कोपरीहून रिक्षा करून धावत आल्या. पोरीचे डोळे सुजलेले. तिने कापसाला छातीशी धरलं, दादांकडून सगळी हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाली, "मामा, तू माणसांना आधी ओरडतोस आणि मग बघतोस." ताईने तिला दटावलं नाही. मला मान वर करवेना. आणि ज्यांना मी भर अंगणात खाटीक ठरवलं, त्या दादांनी पाट सरकवून म्हटलं, "बसा साहेब, थंड व्हईल."

यंदा कापूस पुन्हा थंडीला आलाय. सईच्या मते डोंबिवलीची हवा त्याला मानवते. पण तो उतरलाय दादांकडे. खोकं, विटा, गोणपाट, सगळं भिंतीपलीकडे गेलं. सख्खा मामा इकडे असताना! मला त्याला भेटायचं तर वहिनींना विचारून जावं लागतं.

परवा पोपटी झाली. पहिलं बोलावणं मलाच. दादांनी माझ्या ताटात तंगडी वाढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, आधी कान बघा, मंग खा." सगळे हसले, सई सगळ्यात मोठ्याने. मी म्हटलं, कोंबडीला कान नसतात एवढं मला कळतं.

मग सगळ्यांचं लक्ष ताटाकडे गेल्यावर हळूच उठलो, खोक्यापाशी गेलो, पेंढ्यात खांद्यापर्यंत हात घातला, गरम पाठ हाताला लागली, आणि येऊन जेवायला बसलो.