नक्षीदार दुनळी

वडिलांच्या पश्चात पीकसंरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला, पण त्यांची जुनी बंदूक गंजून निकामी झाली होती. इकडे डुकरांनी मका लोळवला आणि मग ती उसात शिरली. वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली. नवी दुनळी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी बघायला बारामतीच्या बंदूकवाल्याकडे गेलो. सोबत शेजारचे तात्या, फौजेतून निवृत्त झालेले.

तात्यांनी दोन बंदुका उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. एक रंग उडालेली, बोजड. दुसरी नक्षीदार आणि तिच्याहून स्वस्त. नक्षीवालीचा डावा चाप दाबून ते म्हणाले, "ह्यो अडकतोय. दुनळी घ्यायची ती दुसऱ्या बारासाठी. त्योच उडला न्हाय तर काठी काय वाईट हाय?"

मला मात्र ती दसऱ्याच्या पूजेत, झेंडूच्या माळेखाली दिसायला लागली होती. "त्याल घातलं की सुटंल, तात्या," म्हणत मी तीच घेतली.

इंदापूरकडच्या आमच्या रानात एकदा दिवस मावळायच्या आत बांधावर मोठा नर दिसला. पहिला बार त्याच्या मागच्या मांडीत बसला. दुसरा चाप अडकला तो अडकलाच. डुक्कर रक्त सांडत उसात घुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीची टोळी आली. ऊस तुटत जातो तसं आतलं जनावर मागं सरकतं आणि शेवटच्या चार सऱ्यांत कोंडतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सांगितलं असतं तर टोळी थांबली असती, कारखान्याची पाळी हुकली असती. पण खरं कारण ते नव्हतंच. तात्यांना कळलं तर तोंड कसं दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी गप्प बसलो. आजही स्वतःची किळस येते.

उभा ऊस कमी होत जाताना मी बांधावरून बघत होतो. शेवटच्या सऱ्यांत एक बाई मोळी बांधायला वाकली आणि ते तिच्या अंगावर आलं. नवऱ्यानं कोयत्यानं त्याला पाडेपर्यंत तिची पोटरी फाटली होती. तात्या धावत आले. त्यांनी टॉवेलनं जखम आवळली, मेलेल्या डुकराची मांडी बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

दवाखान्याच्या वाटेवर गाडीत तिनं विचारलं, "दादा, आत ते हाय, हे तुमाला ठावं व्हतं का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग तुमी तरी काय करणार," ती म्हणाली.