सातऱ्यावर वाळलेलं लुगडं

सकाळपासून माझ्या पलंगावर कपड्यांचा बाजार भरला आहे. नातीच्या कॉलेजात संगीत नाटक बसतंय, उद्या त्यातल्या नाचासाठी मुली निवडणार आहेत, आणि काय घालून जावं या एका प्रश्नानं तिनं सगळं घर वेठीला धरलं आहे. एक घागरा, दोन चुडीदार, कुणा मैत्रिणीची चमकीची ओढणी, असं सगळं पसरून ती आरशासमोर उभी राहते, एक गिरकी घेते, तोंड वाकडं करते आणि पुढचा कपडा उचलते. मी खिडकीशी उन्हात बसून पाहते आहे. शेवटी काहीच मनास येईना तेव्हा तिनं माझ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला, आणि आतून तो वास आला. आधी जरासा गोडसर, मातकट, आणि मग हळूच मागून येणारा तिखट. वाळलेल्या लाल मिरचीचा वास. तो आला की मी या खोलीत उरत नाही.

सत्तरच्या आगेमागे मी भिवापूरहून नागपूरला शिकायला आले, मावशीकडे राहिले. पहिलं वर्ष बिचकण्यातच गेलं. रुंद रस्ते, त्यांवरच्या कडुनिंबाच्या सावल्या, सायकलींवरून हसत जाणाऱ्या मुली, हे सगळं मी अर्धवट झोपेत असल्यासारखी पाहत असे आणि त्या मुलींच्या दोन पावलं मागून चालत असे. दुसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला. स्नेहसंमेलनात संगीत नाटक होणार, नाचासाठी मुली हव्यात, निवडीला योग्य त्या वेषात यावं. मी तो कागद तीनदा वाचला. नाच मी कधी शिकले नव्हते. मला येत होता तो भुलाबाईचा फेर. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमच्या गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या, आणि त्या फेरात माझे पाय जमिनीला लागत नाहीत असं बायका म्हणायच्या. एवढ्याशा भांडवलावर मी नाव दिलं. का दिलं? दीड वर्षात मला कुणी पाहिलंच नव्हतं म्हणून. एकदा तरी सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहावं, एवढीच हाव होती, आणि ती मला रात्रंदिवस पुरत होती.

आता घालायचं काय? माझ्याकडे कॉलेजात नेसायच्या दोनच साड्या. एक पांढरी, बारीक फुलांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. दुसरी मावशीनं दिलेली पोपटी नायलॉनची, जी उभ्या उभ्याच खांद्यावरून घसरायची, नाचताना तिनं काय केलं असतं देव जाणे. वर्गातली एक मैत्रीण कथ्थक शिकायची. तिनं मोठ्या मनानं आपला रेशमी चुडीदार दिला. मावशीच्या कपाटाच्या आरशासमोर मी तो चढवून पाहिला. दिसत होते छान, पण आरशातली ती मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. पाय उचलला तर तोही परका वाटला. चार संध्याकाळी मी त्या आरशासमोर अशाच हरवून काढल्या. पाऊल मोकळं पडायचं तर कासोटा हवा, नऊवारी हवं, हे मनानं केव्हाच ठरवलं होतं. आणि नऊवारी म्हटलं की मला एकच दिसायचं: आईचं, पवनीच्या विणकराकडून घेतलेलं, वांगी रंगाचं, हळदी काठाचं. तिच्याजवळ चांगलं म्हणावं असं तेवढंच. मी पोस्टकार्ड टाकलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा नागपुरात कुणालाही सांगितली नव्हती. माझी आई सातऱ्यावर जायची. मिरचीचा हंगाम आला की आमच्याकडे मोठाल्या अंगणांत लाल ढीग पडतात, आणि बायका दिवसभर बसून एकेका मिरचीचं देठ खुडतात. त्या जागेला सातरा म्हणतात. नवखा माणूस तिथं क्षणभर उभा राहू शकत नाही, शिंकून शिंकून बेजार होतो. आमच्या बायका मात्र त्या ढिगांमध्ये बसून गाणी म्हणतात, डबे खातात, लेकरांना मांडीवर घेतात. मीही तशीच एका मांडीवर वाढले. कॉलेजात कुणी विचारलं तर मी म्हणायची, आमचं मिरचीचं आहे. म्हणजे काय आहे, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

गावातले एक काका धंतोलीच्या दवाखान्यात दाखवायला आले, त्यांच्यासोबत लुगडं आलं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. मी घडी उघडली, तोंडाशी धरली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. घरचा वास होता. त्यात वावगं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

निवडीच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात आमच्या नाचाच्या मॅडम, पेटी वाजवणारे सर आणि भिंतीकडेनं पंचवीस-तीस मुली. माझं नाव पुकारलं. मी कासोटा खोचून मधोमध गेले आणि भुलाबाईचं गाणं गुणगुणत फेर धरला. पहिली दोन वळणं झाली आणि मी तिथून नाहीशीच झाले. सभागृह गेलं, माणसं गेली, आश्विनातलं चांदणं तेवढं पायाखाली राहिलं. आणि मग कुणीतरी शिंकलं. मग पेटीवाले सर शिंकले, सूर तुटला. मी गिरकी घेतली की लुगड्याच्या निऱ्यांतून न दिसणारी मिरची उडत होती. मुली पदर नाकाला लावून हसत होत्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, अगदी मला हव्या होत्या तशाच.

मॅडमनी डोळे पुसले. त्याही हसत होत्या, पण मायेनं. "अगं, नाचतेस तर सुरेख! पण हे लुगडं आणलंस कुठून? कुणाचं आहे?"

मी उत्तर द्यायला क्षणभरही वेळ घेतला नाही, हेच मला आजही सलतं. "माझं नाही मॅडम. आमच्या मावशीकडे काम करणाऱ्या बाईचं आहे."

माझी निवड झाली. नाटकासाठी कॉलेजनं भाड्यानं कपडे आणले, गुलाबी, टिकल्यांचे. आई खास भिवापूरहून आली, मागच्या रांगेत बसली. खेळ संपल्यावर मंडपाबाहेर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. मग हळूच म्हणाली, "माह्या लुगड्यात काहून नाही नाचली वं?"

"कॉलेजानंच दिले न कपडे," मी म्हणाले.

ती जराशी घुटमळली. "वास तं नव्हता ना येत त्याले? मी सातऱ्याच्या आंगनात दोन दिवस उन्हात टाकलं होतं. तिथं कसं दिवसभर कडक ऊन रायते. पन मले आता मिरचीचा वास समजतच नाही, तं म्हटलं पोरीले विचारू."

वास जावा म्हणून तिनं ते मिरच्यांच्या ढिगाशेजारी वाळत घातलं होतं! आमच्या घरचं माणूसच अशी चूक करू शकतं, आणि आमच्याच घरचं माणूस ती ओळखू शकत नाही. "नाही वं माय," मी म्हणाले, "काहीच नाही आला." तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ती लुगडं घेऊन परत गेली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सातऱ्यावर बसली असेल.

तिला मी कधीच सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळालं असतं, असं मी स्वतःला समजावत आले, पण खरं म्हणजे मला धीर झाला नाही. ती वारल्यावर लुगडं माझ्याकडे आलं ते धुऊन, स्वच्छ होऊन. मी घडी उघडून तोंडाशी धरली, तर नुसतं कापड. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी ती वारली त्या दिवशीही रडले नव्हते. तेव्हापासून दर हंगामात मी कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरची मागवते आणि त्यातली मूठभर त्या घड्यांमध्ये ठेवते. कसर लागू नये म्हणून, असं घरच्यांना सांगते.

आता नातीनं ते लुगडं बाहेर काढलं आहे. अंगाला लावून आरशात पाहिलं, एक गिरकी घेतली आणि सटासट तीन वेळा शिंकली. "बाप रे, आजी! काय मस्त रंग आहे पण. कुणाचं आहे हे?"

खिडकीतलं ऊन त्या वांगी रंगावर पडलं होतं. पन्नास वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"माझ्या आईचं," मी म्हणाले. "ती सातऱ्यावर मिरचीची देठं खुडायला जायची. उद्या मॅडमनी विचारलं तर असंच सांग."

तिनं मान डोलावली आणि पुन्हा शिंकली. मला अजूनही शिंक येत नाही.